आगीला गूळ घेऊन कोण येतं?

सख्या, लेका, जायचं होतं तर जायचंस. कोण धरून ठेवणार होतं तुला? पण भांडण मधेच टाकून जातात काय? अजून तुझा दहावा व्हायचाय अन् मी इथं आगीच्या माळ्यावर एकटाच येऊन बसलोय. एकट्यानं भांडता येत न्हाई, बघ. करून बघितलं मी. तुझं बोलणं बी मीच बोललो, माझं बी मीच बोललो, तरी शेवटी तूच जिंकलास. मेल्यावर बी तुझी खोड जात न्हाई.

माळा बी आता नावालाच राहिलाय. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत वरचे पत्रे कुणीतरी नेले, नगारा बी नेला. सागाचे खांब अन् खालचा दगडी चौथरा तेवढा हाय. चौथरा कोण नेणार? त्याचे दगड ज्यांनी वर वाहिले त्यांच्या पाठी अजून दुखायल्यात. आपूनच वाहिले ना ते, वेठीला धरून आणल्यावर! राणीसावरगावच्या ह्या डोंगरावर सरकारचं गवताचं कुरण. एका उन्हाळ्यात ते पेटलं, साहेबाच्या घोड्यांच्या गवताची राख झाली, तवा कुठं जंगल खात्याला जाग आली. हुकूम निघाला की माथ्यावर चौकी बांधा, माणसं बसवा, धूर दिसला की नगारा वाजवा. कागदावर तिला लय मोठं उर्दू नाव होतं. ते तुला कधी म्हणता आलं न्हाई अन् मला बी न्हाई. ज्वारीतली पाखरं हाकायला आपून वावरात माळा घालतो तशीच ती दिसायची, म्हणून सगळी तिला आगीचा माळा म्हणायची.

दगड वाहायच्या टायमाला तू दर फेरीला वर आलास की कपाळावर हात धरून उभा. मुकादम शिव्या द्यायचा, तू म्हणायचास, ‘सरकार, पिंगळीच्या टेसनात गाडी आली बघा, धूर दिसायलाय.’ पिंगळी कुठं, आपला डोंगर कुठं! गंगाखेडची गाडी म्हणला असतास तर मी गप बसलो असतो. पण पिंगळी? ह्यावरून बी आपलं भांडण राहिलंच बघ, ते वेगळं. मुकादमाला मात्र पटलं. त्यानं तुला बघायला ठेवलं. अन् मला ठेवलं नगारा बडवायला, कारण मला विहिरीपलीकडचा बैल दिसत न्हाई, पण दंड चांगले होते. तुझे डोळे अन् माझे हात, असा तो एकच नोकर सरकारनं दोन माणसांत मिळून ठेवला होता.

काय नजर होती रे तुझी! सकाळी गाव उठलं की तू इथं बसून चुली वाचायचास. ‘पांढरा धूर, तुराट्या जळायल्यात, म्हंजे धोंडिबाकाकाकडं. तो निळसर, बुडाशी दबलेला, तो गोवऱ्यांचा. पाटलाच्या घरी दोन चुली, पाव्हणे आलेत.’ अन् मग माझ्याकडं वळून, ‘रंग्या, तुझी चूल आज उशिरा पेटली. भांडण झालं काय?’ आता झालं होतं भांडण, तुला काय करायचंय? संध्याकाळी मी घरी गेलो की आमची मंडळी परात आपटायची. ‘तुमच्या त्या दोस्ताला सांगा, आमच्या चुलीत डोकावू नको म्हणावं. सगळ्या गावाला कळतंय मी भाकरी कवा थापली ते.’ बायका तुला लय भ्यायच्या. एखादीनं नवऱ्याला न सांगता गोडधोड केलं तर ती आधी डोंगराकडं बघायची.

म्हणून म्हणतो मी. ज्या माणसाला तुराट्यांचा धूर अन् गोवऱ्यांचा धूर कोसावरून वेगळा कळतो, त्यानं हुरड्याच्या आगटीला वणवा म्हणावं? हे कोण मानणार? मी तर न्हाई मानत. तेव्हा बी न्हाई मानलं.

तो दिवस पुन्हा सांगतो. तू मधे बोलू शकत न्हाईस तवर सांगून घेतो.

पौष महिना. ज्वारी हुरड्यात आलेली. त्या साली डोंगराकडेच्या वावरांत काही उभं राहिलं न्हाई, फक्त माझं ओढ्याकाठचं वावर तेवढं पिकलं होतं. कणसं अशी भरलेली की माझी बायको रोज जाऊन नुसती बघून यायची. वर्षाची भाकर होती ती आमची, दुसरं काहीच नव्हतं. मी वर नगाऱ्याच्या कातड्याला तेल चोळत बसलो होतो, तू कपाळावर हात धरून ओढ्याकडं बघत होतास. त्या दिवशी तू कुणाची चूल बी वाचली न्हाईस. हे बी तुझ्या रीतीला सोडून होतं.

मग म्हणलास, ‘रंग्या, वाजव.’

‘काय हाय?’

‘आग.’

‘कुठं?’

‘ओढ्याच्या अंगाला.’

मला डोळ्यानं कमी दिसतं, पण नाक हाय ना मला! वारा ओढ्याकडनंच येत होता. मी म्हणलं, ‘सख्या, हा गोवऱ्यांचा वास हाय. भाजकी कणसं हायेत. हुरडा हाय हा कुणाचा तरी.’

तर तू माझ्यावर खेकसलास, ‘डोळे तुझे का माझे? वाजव म्हणतो ना!’

मी वाजवला. वाजवला म्हंजे असा वाजवला की चारी गावं घरातनं बाहेर पडली. अन् मी बडवत असताना तू आगीची दिशा दाखवायचा लाल झेंडा ओढ्याच्या बाजूला बांधलास अन् मला सोडून पळालास खाली.

आता खाली काय होतं ते ऐक. म्हंजे तुला माहीत हाय, पण ऐक. माझ्या वावरात साहेब बसला होता. जंगल खात्याचा मोठा साहेब, गालिच्यावर खुर्ची टाकून, सोबत कारकून, शिपाई, पाटील. गावात पिकलेलं एकच वावर, ते त्यांना कुणीतरी दाखवलं. हुरडा खायला साहेब आला की काय व्हायचं ते आपल्या मुलखात सगळ्यांना माहीत. साहेब मूठभर खायचा, शिपाई पोतंभर न्यायचे, घोडी उभ्या पिकात बांधायची, अन् मुक्काम हलेपर्यंत हे रोज. मालकानं हात जोडून उभं राहायचं अन् ‘अजून घ्या हुजूर’ म्हणायचं. राहिलेल्या कडब्यात मग मालकानं आपलं वर्ष शोधायचं.

पण ह्याच साहेबाचा हुकूम होता, दवंडी पिटून सांगितलेला. कुरणाच्या आसपास कुणी जाळ करायचा न्हाई. नगारा वाजला की घरटी एक माणूस हिरवी फांदी घेऊन पळत यायचं. अन् जाळ कुणाचा हाय, कशाचा हाय, हे न विचारता आधी झोडपून विझवायचा. जो विचारत बसेल त्याला दंड.

चारी गावांनी हुकूम पाळला, बाबा! असा हुकूम त्या साहेबाचा पुन्हा कुणी पाळला नसेल. लिंबाच्या, पळसाच्या फांद्या घेऊन माणसं ओढ्यातनं वर आली अन् आगटीवर तुटून पडली. राख कुठं, निखारे कुठं, साहेबाची शेरवानी कुठं, कुणाला काय कळायलंय! साहेब खुर्चीवर चढून ओरडायला लागला, ‘अरे नक्को! नक्को मारो! हुरडा है ये!’ पण आपली माणसं, त्यांना वाटलं साहेब म्हणतोय जोरात मारा. पाटलाच्या पागोट्यावर ठिणगी पडली तर धोंडिबाकाकांनी ते पागोटं पाटलाच्या डोक्यावर असतानाच विझवलं, दोन्ही हातांनी. घोडी बिथरली अन् दावी तोडून गंगाखेडच्या वाटेला लागली, त्यांच्यामागं शिपाई, शिपायांमागं कारकून, अन् शेवटी साहेब, हातात अजून अर्धा हुरडा धरून.

मी नगारा टाकून धापा टाकत पोचलो तवा तू पुढं उभा राहून लोकांवर ओरडत होतास. काय ओरडत होतास? ‘धुऱ्यावरून जा! बांधावरून! पिकात पाय घालू नका!’

सख्या, वणवा विझवायला आलेला माणूस धुऱ्यावरून जा म्हणतो काय?

ज्वारी वाचली. एक कोपरा गेला, बाकी सगळी उभी होती. मी साहेबाच्या गालिच्यावरच बसलो. लोकं हसत हसत फांद्या खांद्यावर टाकून गेली. राखेत काही कणसं गरम होती. तू ती तळहातावर चोळलीस, फुंकर मारून माझ्या हातात दिलीस. अन् मग धोतराची गाठ सोडलीस अन् त्यातनं गुळाचा खडा काढलास. मला हुरड्यासंगट गूळच लागतो, लहानपणापासनं, हे तुला माहीत.

मी म्हणलं, ‘आगीला गूळ घेऊन कोण येतं?’

तू म्हणलास, ‘माझ्याकडं नेहमी असतो.’

बस. तिथनं आपलं भांडण सुरू झालं.

साहेबानं हुरड्याचं नाव पुन्हा काढलं न्हाई, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या डेऱ्यासमोर आपली पेशी. मुद्दाम केलं असं ठरलं असतं तर तुरुंग होता, अन् माझं वावर तर साहेबानं घोड्यांनाच चारलं असतं. तू पुढं झालास. ‘हुजूर, चूक माझी हाय. नजर कमी झालीय. मला सांगायला लाज वाटत होती.’ साहेबानं तुझ्या तोंडापुढं बोटं धरली, म्हणला कितनी हैं? तू मान इकडं वाकडी केलीस, तिकडं केलीस, अन् लय अदबीनं विचारलंस, ‘हुजूर, कुठल्या हाताची?’ साहेबानं कपाळावर हात मारला. मी हसू दाबायला जीभ चावली, रक्त आलं.

पण मग त्यानं जो निवाडा केला तो ऐकून माझं हसू पळालं. म्हणला, हा आंधळा नगारा वाजवेल, अन् तो दुसरा बघेल. दुसरा म्हंजे मी! मी तोंड उघडलं तर तू मागनं असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. साहेबानं माझी बी परीक्षा घेतली. त्या झाडावर काय हाय बोल. मला झाडच दिसायलं नव्हतं. तू खोकलास, अन् खोकल्यात म्हणलास, ‘कावळा.’ मी म्हणलं, ‘कावळा, हुजूर.’ साहेब म्हणला, शाब्बास, ऐसी नजर चाहिये.

तिथनं पुढं निजाम जाईपर्यंत हा डोंगर एका आंधळ्यानं राखला, सख्या. मी पुढं कपाळावर हात धरून उभा, तू मागं नगाऱ्यापाशी, डोळे मिटल्यागत. धूर दिसला की तू नगाऱ्याच्या काठावर बोट वाजवायचास. एकदा वाजलं तर उगवत, दोनदा वाजलं तर मावळत, अन् लांब घासलं तर ओढ्याकडं. मग मी म्हणायचो, ‘आग! मला दिसायलीय!’ साहेब तपासणीला आला की माझी पाठ थोपटायचा अन् तुला म्हणायचा, बघ, ह्याच्यापासनं शिक. तू मान खाली घालून म्हणायचास, ‘हुजूर, ह्याची सर मला कुठली!’ असलं बोलताना तुला गुदगुल्या होत असतील, तुझ्या खांद्यांवरनं कळायचं.

अन् गावात काय कमी सोंगं केलीस! बाजेला अडखळून पडायचास. पारावरच्या दगडाला ‘सरका जरा काका’ म्हणायचास. पाटील म्हशीला पाणी पाजायलाय, तू सरळ म्हशीपुढं जाऊन हात जोडलेस, ‘रामराम पाटील, तब्येत भरली तुमची.’ पाटील शेजारी उभा. ते नजरेनं झालं न्हाई, मला माहीत हाय. ते तुझ्या मनात पागोट्याच्या दिवसापासनं होतं. पण चारी गावांत तुझं नाव हुरड्या सख्या पडलं. लग्नात, बाजारात, कुणीबी उठून म्हणायचं, ‘ह्यांना वणवा कुठला अन् हुरडा कुठला ते कळत न्हाई बरं का.’ नगारा वाजला की लोकं फांदीसंगट शेंगदाण्याची चटणी घेऊन यायला लागली, न जाणो आज बी हुरडाच असला तर. तू सगळ्यांसंगट हसायचास. मला मात्र ते हसणं बोचायचं. ज्याची नजर सगळ्या मुलखात नाव घेण्यासारखी, तो माझ्या ज्वारीपायी आंधळा ठरला होता.

मी रोज म्हणायचो, ‘तू मुद्दाम केलंस.’

तू म्हणायचास, ‘चूक झाली.’

‘धुऱ्यावरून जा म्हणलास.’

‘सवय.’

‘गूळ?’

‘नेहमी असतो,’ अन् गाठ सोडून दाखवायचास. दुसऱ्या दिवसापासनं खरंच रोज असायचा! वर आलास की आधी गूळ काढून माझ्यापुढं धरायचास, ‘बघ, हाय का न्हाई?’ पुरावा म्हणून. अन् तो पुरावा मीच खाऊन टाकायचो. तुला दिला तर म्हणायचास, मी घरूनच खाऊन आलो.

निजाम गेला तवा मी पळत तुझ्या घरी आलो होतो, आठवतं? लोकं रस्त्यावर नाचायलेत अन् मी तुला धरून म्हणायलोय, ‘आता तर सांग! साहेब गेला, त्याचा तुरुंग गेला. चावडीवर चल अन् सांग माझी नजर चांगली हाय.’ तू म्हणलास, ‘चूक ती चूक. राज्य बदललं म्हणून ती काय बरोबर व्हायची?’ मला इतका राग आला की मी तुझ्या घरचा चहा बी घेतला न्हाई. गयावहिनी हाका मारत राहिल्या.

राग आला, पण मला कळत होतं. तू एकदा हो म्हणला असतास तर मला तुझे पाय धरावे लागले असते. माझ्या लेकराबाळांची भाकर वाचवलीस तू, दुसरं काय केलं असतं मी? अन् एकदा पाय धरले की मग दोस्ती कुठली? तुला शिव्या कशा दिल्या असत्या, पिंगळीच्या गाडीवरून कसा भांडलो असतो? ते तुला नको होतं. मला बी नकोच होतं. पण माणसाला एकदा तरी म्हणावं वाटतं रे, बाबा, तुझ्यामुळं जगलो.

मग तुला ताप धरला. मी शेवटचा आलो त्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं. वहिनी चुलीपाशी होत्या. मी कानाशी वाकलो, म्हणलं, ‘सख्या, आता तरी. मुद्दाम ना?’ तू डोळे उघडलेस, चांगले लख्ख. अन् हात उचलून छातीवर थोपटलास. एकदा, दोनदा. मी घाबरलो. ‘वहिनी, छातीत दुखायलंय ह्याच्या, तेल आणा!’ वहिनींनी तेल आणलं, मी ते तुझ्या छातीला चोळायला लागलो, अन् तू माझ्याकडं असा बघायला लागलास, जसं साहेबानं ‘कितनी हैं’ विचारल्यावर बघितलं होतंस. त्याच संध्याकाळी गेलास.

ओढ्याकाठी तुला ठेवलं, माझ्याच वावराच्या कडेला. औंदा बी ज्वारी हुरड्यात हाय. सरण पेटलं अन् कुणीतरी रीतीप्रमाणं म्हणलंच, ‘बिचाऱ्याला वणवा अन् हुरडा कळला न्हाई बघा.’ माझ्या डोक्यात सणक गेली. मी सगळ्यांपुढं उभा राहिलो अन् बोललो सगळं. गोवऱ्यांचा वास, धुरा, गूळ, खोकल्यातला कावळा, नगाऱ्यावरचं बोट. म्हणलं, मला काही एक दिसत नव्हतं, सगळं ह्यानं बघितलं, अन् तुमी ह्याला हसलात.

तर धोंडिबाकाका म्हणले, ‘रंगनाथ, बस खाली. आमाला काय माहीत नव्हतं व्हय? तू एकदा मावळतीकडं तोंड करून ‘आग दिसायलीय’ म्हणला होतास अन् झेंडा उगवतीला लावला होतास. तुला समोरची म्हैस दिसत न्हाई, हे म्हशीला बी माहीत हाय.’

‘मग हसायचात कशाला?’

‘साहेबाच्या माणसांना ऐकू जावं म्हणून. आमी हसलो न्हाई तर त्यांना वाटलं असतं, ह्यात काहीतरी हाय. मग सवय पडली.’ काका जरा थांबले अन् डोळे पुसून म्हणले, ‘सख्याला बी सांगितलं होतं मी. म्हणला, काका, फक्त रंग्याला कळू देऊ नका.’

मला रडू यावं का राग यावा, समजंना. चारी गावांनी मिळून मला येड्यात काढलं होतं, अन् तू त्यांचा म्होरक्या.

काल गयावहिनींनी मला बोलावून घेतलं. पदराआडनं पुडी काढली. म्हणल्या, ‘भाऊजी, अंघोळ घालताना ह्यांच्या बंडीच्या खिशात सापडलं. तुमचंच असणार.’ गुळाचा खडा, मुंग्या लागलेला. मी म्हणलं, ‘त्याला रोज लागायचा ना.’ तर त्या म्हणल्या, ‘त्यांना? त्यांची ती दाढ किडलेली. गूळ तोंडात घातला की गालाला हात लावून कण्हत बसायचे. इतकी वर्षं रोज सकाळी माझ्याकडनं खडा मागून न्यायचे. शेवटच्या दिवशी बी खुणेनं मागितला, म्हणलं आता कशाला? तर बाहेर दाराकडं बोट केलं. तुमी येणार म्हणून.’

म्हंजे छातीत दुखत नव्हतं तर. खिसा दाखवायलास तू मला. मरता मरता बी खोटं बोलायलास, ‘बघ, हाय का न्हाई?’ अन् मी येडा तेल चोळत बसलो.

तर तो खडा घेऊन वर आलोय. खाली ओढ्याकडं बघायलोय, तुझ्याकडं. काही दिसत न्हाई. मागं नगाऱ्याच्या काठावर बोट वाजवायला कुणी न्हाई. पण वारा ओढ्याकडनं येतोय अन् कुणाच्या तरी वावरात आगटी पेटलीय, वास येतोय. मुंग्या फुंकून मी गूळ तोंडात टाकला.

बरं बाबा. तुझंच खरं. चूक झाली होती तुझी, आगच वाटली होती तुला. अन् गूळ तुझ्याकडं नेहमी असतोच. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.